दोन्ही बाजूंना आपलीच माणसं

युद्धाचं संग्रहालय बघायला जाताना आपण बहुतेक वेळा निकाल मनात धरूनच जातो. कोण जिंकलं हे ठाऊक असतं. आपण कोणाच्या बाजूचे, हेही ठरलेलं असतं. मग तोफेसमोर फोटो निघतात, शत्रूकडून हिसकावलेला रणगाडा दिसला की छाती फुगते, आणि बाहेर पडताना मन भरलेलं असतं. यात गैर काही नाही. ज्यांनी जीव दिला त्यांचा अभिमान वाटायलाच हवा. पण मणिपुरातल्या दोन संग्रहालयांनी आणि एका दफनभूमीनं हा ठरलेला निकाल आम्हा मित्रमंडळींकडून काढून घेतला. त्याबद्दल मणिपूरच्या त्या भूमीचे माझ्यावर उपकार आहेत.

२०२२ चा डिसेंबर होता. कॉलेजपासूनची आमची मंडळी दरवर्षी कुठेतरी जाते. त्यात कोल्हापूरकडे इतिहास शिकवणारी एक मैत्रीण आहे, सैन्यातून निवृत्त झालेला आणि आमच्यात नुसता ‘कर्नल’ म्हणून ओळखला जाणारा एक मित्र आहे, बाकीचे बँकेतले, दवाखान्यातले, दुकानातले. लोकटाक सरोवर पाहायचं, इमा कैथेलमध्ये सगळा बाजार चालवणाऱ्या बायका पाहायच्या, संगाई हरीण दिसलं तर पाहायचं, असा बेत होता. युद्धाचा इतिहास बेतात होताच, पण मोइरांगपुरता, नेताजींपुरता. बाकीचं सगळं तिथे गेल्यावर समोर आलं.

विमान खाली उतरताना इंफाळचं खोरं एका नजरेत दिसतं. चहूबाजूंनी डोंगर आणि मधे कापणी झालेली सपाट भातशेती. १९४४ साली या सपाट जमिनीनंच घात केला. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिथून पळालेले हजारो हिंदी लोक डोंगर तुडवत मणिपुरात आले, वाटेत कित्येक मेले. त्यानंतर परत ब्रह्मदेशावर चाल करायची तर फौजा, दारूगोळा, धान्य साठवायला आणि विमानं उतरवायला आसाम आणि ब्रह्मदेश यांच्यामधे एवढी मोठी सपाट जागा दुसरी नव्हती. म्हणून ब्रिटिशांनी खोऱ्यात धावपट्ट्या केल्या. आम्ही ज्या विमानतळावर उतरलो तोही त्यांतलाच. त्या काळी त्याला तुलिहाल म्हणत. आणि नेमका हाच तळ मोडायचा म्हणून मार्च १९४४ मध्ये जपानच्या पंधराव्या सेनेनं चिंदविन नदी ओलांडली. मणिपूरचं संस्थान १८९१ च्या लढाईनंतर ब्रिटिशांच्या हुकमतीखाली होतं. आमच्या खोऱ्यात युद्ध करा असं इथल्या कोणी म्हटलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं.

इथे या युद्धाला ‘जपान लान’ म्हणतात. आमच्या गाडीचा चालक मैतेई होता. त्याला आम्ही तामो म्हणत होतो. तिकडे थोरल्या भावाला तामो म्हणतात. पहिल्याच दिवशी बाजारातून गाडी काढताना त्यानं सांगितलं, १० मे १९४२ च्या रविवारी इंफाळवर पहिल्यांदा बॉम्ब पडले आणि अर्धं शहर त्याच आठवड्यात रिकामं झालं. तारीख त्याला पाठ होती. त्याचा जन्म त्यानंतर तीसेक वर्षांनी झालेला. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली ती तारीख होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही टिड्डिम रस्त्याला लागलो. इंफाळहून दक्षिणेला निघून बिष्णुपूर, मोइरांग, चुराचांदपूर करत ब्रह्मदेशातल्या टिड्डिमला जाणारा हा रस्ता. जपान्यांची तेहतिसावी डिव्हिजन याच रस्त्यानं वर आली. आधी मोइरांगला जायचं आणि परतताना रेड हिल पाहायची, असं तामोनं ठरवलं.

मोइरांग इंफाळपासून ४५ किलोमीटरवर, लोकटाकच्या काठाला. १४ एप्रिल १९४४ रोजी आझाद हिंद सेनेच्या बहादूर ग्रुपच्या कर्नल शौकत मलिकांनी इथे झेंडा फडकवला. त्यांना ज्या स्थानिक मंडळींनी साथ दिली त्यांत मैरेंबाम कोइरेंग सिंह होते. हेच पुढे मणिपूरचे पहिले मुख्यमंत्री झाले. संग्रहालयात नेताजींची पत्रं, छायाचित्रं, शिपायांच्या गणवेशावरची चिन्हं, हत्यारं आहेत. बाहेर एक स्मारक उभं आहे. आझाद हिंदच्या हुतात्म्यांसाठी नेताजींनी ८ जुलै १९४५ रोजी सिंगापूरला ज्याची पायाभरणी केली, ते स्मारक ब्रिटिशांनी परत येताच उद्ध्वस्त केलं. मोइरांगला त्याचीच प्रतिकृती आहे. इत्तेफाक, इत्माद, कुर्बानी हे तीन शब्द त्यावर आहेत.

आमची मंडळी भारावली. शाळेत ‘चलो दिल्ली’ म्हणत प्रभातफेरीत चाललेली आमची पिढी; नेताजींच्या नावानं अंगावर काटा येतोच. मैत्रिणीनं तिथे एक गोष्ट सांगितली, ती आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हती. २१ ऑक्टोबर १९४३ ला सिंगापूरला आझाद हिंदचं हंगामी सरकार जाहीर झालं, त्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या मंत्र्यांत जगन्नाथराव भोसले होते. सावंतवाडी संस्थानातल्या तिरोड्याचे. ब्रिटिश सैन्यात अधिकारी होते, सिंगापूर पडल्यावर नेताजींकडे आले आणि आझाद हिंद सेनेचे चीफ ऑफ स्टाफ झाले. स्वातंत्र्यानंतर ते लोकसभेवर निवडून गेले आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री होते. ‘आपला कोकणातला माणूस,’ असं आमच्यातलं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना बरं वाटलं. परक्या मुलखात आपल्याकडचं नाव निघालं की जवळीक वाटते, तशी.

परतीला दुपार झाली होती. इंफाळच्या अलीकडे सोळा-सतरा किलोमीटरवर, भर शेतात एक टेकडी उभी आहे. इथले लोक तिला माइबाम लोकपा चिंग म्हणतात. लढाईच्या नोंदींत ती ‘रेड हिल’ आहे. मे १९४४ च्या अखेरीला जपानी तुकडी रात्रीतून या टेकडीवर चढली आणि नऊ-दहा दिवसांत जवळजवळ सगळी तिथेच संपली. तिच्या पायथ्याशी १९९४ मध्ये जपान सरकारनं शांतिस्मारक बांधलं आणि त्याच्या शेजारी २२ जून २०१९ ला इंफाळ पीस म्युझियम उघडलं. ७५ वर्षांपूर्वी त्याच दिवशी इंफाळ-कोहिमा रस्ता मोकळा होऊन इंफाळचा वेढा उठला होता. पैसा जपानच्या निप्पॉन फाउंडेशननं दिला, आणि आतल्या वस्तू मणिपूरच्या माणसांनी गोळा केल्या.

ही वस्तू गोळा करणारी मंडळी कोण, हे नीट समजून घ्यायला हवं. इंफाळच्या डोंगरांत आजही शेत नांगरताना, घराचा पाया खणताना जुने बॉम्ब सापडतात. गंजलेली शिरस्त्राणं, संगिनी, काडतुसं, पाण्याच्या बाटल्या सापडतात. ती भंगारात जायची. स्थानिक हौशी अभ्यासक मेटल डिटेक्टर घेऊन खंदकाखंदकांतून फिरले, म्हाताऱ्या माणसांकडून जागा विचारून घेतल्या, आणि जे सापडलं ते जपलं. सरकारी आदेश नव्हता, सैन्याचं बजेट नव्हतं. ज्यांच्या शेतात हे लोखंड पडलं त्यांनीच ते उचललं, धुतलं, मांडलं. युद्धाची बहुतेक संग्रहालयं जिंकलेल्यांनी बांधलेली असतात. हे ज्यांच्या अंगणात युद्ध झालं त्यांचं आहे. आत शिरल्यावर पहिल्या खोलीतच हा फरक कळतो. ब्रिटिश, हिंदी, जपानी, आझाद हिंद अशा चौघांच्याही वस्तू तिथे शेजारीशेजारी आहेत, आणि मणिपूरच्या माणसांची छायाचित्रंही त्यांच्याच ओळीत आहेत. कोणाला वर, कोणाला खाली ठेवलेलं नाही. भिंतीवर जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हातची कुंचल्यानं लिहिलेली ‘शांती’ची अक्षरं आहेत.

एका कपाटाशी मी बराच वेळ थांबलो. जपानी शिपायाचा जेवणाचा डबा होता, ॲल्युमिनियमचा, एका अंगाला आत वळलेला, म्हणजे कमरेला लावल्यावर अंगालगत बसावा. कडीला दोन कान. वरचं झाकण खोलगट, त्यात कालवण वाढून घ्यायचं आणि खालच्या भांड्यात भात शिजवायचा. जमिनीत इतकी वर्षं राहून त्याला पांढरट-हिरवट चट्टे पडले होते. तळ मात्र काळा होता. चुलीची काजळी मातीतही गेली नव्हती. कोणीतरी कुठेतरी त्यात शेवटचा भात शिजवला होता.

त्या भाताचा हिशेब इतिहासात नोंदलेला आहे. पंधराव्या सेनेचे प्रमुख लेफ्टनंट जनरल रेन्या मुतागुची यांनी शिपायांबरोबर तीन आठवड्यांची शिधासामग्री दिली. त्याआत इंफाळ पडेल आणि ब्रिटिशांची कोठारं हाती लागतील, असा त्यांचा हिशेब. २९ एप्रिलला सम्राटांचा वाढदिवस. त्याआधी इंफाळ घ्यायचं, असं ठरलेलं. बरोबर गुरांचे कळप हाकले होते, वाटेत मारून खायला. त्यांतली कितीतरी चिंदविनमध्ये बुडाली, कितीतरी डोंगरात मेली. इंफाळ पडलं नाही. ब्रिटिशांनी विमानांनी वेढ्याच्या आत सुमारे १९ हजार टन सामान उतरवलं आणि त्याच विमानांनी जखमी आणि बिगरलढाऊ माणसं बाहेर काढली. जपान्यांकडे तसं काही नव्हतं. कोहिमाकडच्या डिव्हिजनचे सेनापती कोतोकू सातो यांनी शेवटी वरिष्ठांचा हुकूम मोडून आपली माणसं मागे घेतली, कारण त्यांना खायला द्यायला काही नव्हतं. जून-जुलैच्या पावसात ब्रह्मदेशाकडे परतणारी सेना वाटेवर पडत गेली. त्या वाटेला जपानी शिपायांनी पांढऱ्या हाडांचा रस्ता म्हटलं. मोहिमेत सुमारे ८५ हजार माणसं उतरली होती. त्यांतली तीसेक हजार मेली, बहुतेक भुकेनं, हगवणीनं, मलेरियानं. आझाद हिंदच्या शिपायांचंही तेच झालं. त्यांतही गोळीपेक्षा भूक आणि रोगानं जास्त माणसं नेली. मोइरांगच्या संग्रहालयात या माणसांच्या शौर्यानं मला भरून आलं होतं. त्यांची भूक रेड हिलच्या या डब्यापाशी कळली.

कर्नल नकाशासमोर उभा होता. त्यानं मला हाक मारली. ‘अरे, इकडे ये. संगशाक बघ.’

ईशान्येला, उखरुलच्या डोंगरांत, एक लहानसा ठिपका. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कोहिमाकडे निघालेल्या जपानी फौजेच्या वाटेत हे तांगखुल नागांचं गाव आलं. तिथे पन्नासावी हिंदी पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्याबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन. मराठे, गुरखे आणि इतर हिंदी शिपाई. कर्नलनं ती जागा शब्दांत उभी केली. टेकडीवर एक बॅप्टिस्ट चर्च, आजूबाजूला घरं. खणायला गेलं तर दोन-तीन फुटांवर खडक, म्हणजे पुरेसा खोल खंदक नाही. काटेरी तार नाही. पाण्याचा साठा तुटपुंजा. विमानातून टाकलेलं सामान बरंचसं जपान्यांच्या हद्दीत पडत होतं. अशा जागी त्यांनी सुमारे पाच दिवस तग धरला. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला तेव्हा उरलेले जंगलातून चालत इंफाळकडे निघाले. या दिवसांत कोहिमा आणि इंफाळ दोन्हीकडे तयारीला वेळ मिळाला. तिथे एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ सापडलेल्या नकाशावर पुढचा सगळा बेत होता, आणि तो इंफाळला पोचवला गेला. एवढं करूनही त्या ब्रिगेडला तिचं श्रेय उशिरानं मिळालं.

‘मला सांग,’ कर्नल म्हणाला, ‘आपल्या सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं. त्यांनी थंडी पाहिली असेल ती महाबळेश्वरची. आणि इथे, या डोंगरात, पाण्याशिवाय. कुणासाठी लढली?’

हा प्रश्न मैत्रिणीनं धरला. बाहेर पायऱ्यांवर बसलो आणि बोलत राहिलो. संगशाकचे मराठा शिपाई ब्रिटिश राजाच्या नोकरीत होते. मोइरांगला झेंडा लावणारे त्या राजाविरुद्ध होते. जगन्नाथराव भोसले ज्या सेनेचे चीफ ऑफ स्टाफ होते, ती सेना आणि संगशाकची बटालियन एकमेकांसमोरच्या बाजूंना होत्या. आणि दोन्हीकडची माणसं एकाच सह्याद्रीच्या दोन अंगांची. आमच्यातला एकजण म्हणाला, ब्रिटिशांसाठी लढलेले ते पगारी होते, त्यांची तुलना नेताजींच्या शिपायांशी करू नका. कर्नल चिडला. तो चिडला की आवाज खाली जातो. तो म्हणाला, ‘पगारी म्हणू नकोस. १९४४ मध्ये जिरायती जमिनीवर जगणाऱ्या घरातला थोरला मुलगा फौजेत जात होता, ते बहिणीच्या लग्नासाठी आणि सावकाराच्या कर्जासाठी. आणि एकदा शेजारी आपल्याच तालुक्यातला माणूस झोपला की मग राजा वगैरे काही राहत नाही.’

मैत्रीण म्हणाली, १९४५-४६ च्या लाल किल्ल्यातल्या खटल्यानंतर देश आझाद हिंदच्या मागे उभा राहिला, आणि तो राहायलाच हवा होता. पण त्याची दुसरी बाजू अशी झाली की ब्रिटिश फौजेतल्या हिंदी शिपायांची आठवण काढणं अवघडल्यासारखं झालं. ना ते स्वातंत्र्यसैनिक, ना शत्रू. पाठ्यपुस्तकात त्यांना धडा नाही. त्यांच्या गावातही त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं.

तामो हे सगळं ऐकत उभा होता. मराठी कळत नव्हतं, पण संगशाक, मोइरांग, जपान हे शब्द कळत होते. तो हिंदीत म्हणाला, त्याच्या आजीनं त्या वेळी गाव सोडलं तेव्हा डोक्यावर तांदळाचं मडकं आणि बगलेत मागाच्या काठ्या घेतल्या. घर जळलं तरी विणता आलं पाहिजे, म्हणून. चार महिन्यांनी परतली तर घराचं छप्पर नव्हतं, भातखाचरात चाकांच्या खोल चाऱ्या पडल्या होत्या आणि तळ्याचं पाणी पिण्याजोगं राहिलं नव्हतं. हे कोणत्या सैन्यानं केलं, हे ती कधीच सांगायची नाही. विचारलं तर म्हणायची, सगळी माणसं दुरून आली होती.

आमच्या सगळ्या वादाला ते उत्तर होतं. आम्ही आपली बाजू शोधत होतो. त्या म्हातारीच्या लेखी आम्हीसुद्धा दुरून आलेलेच. मराठे असोत, जपानी असोत, इंग्रज असोत, आझाद हिंदचे असोत, तिचं खाचर सगळ्यांनी तुडवलं. तिला कोणी सैनिकपदक दिलं नाही, तिच्या तळ्याची भरपाई कोणत्या विजयात धरली गेली नाही. आणि तरी तिच्याच नातवंडांच्या पिढीनं चारही बाजूंच्या शिपायांचे डबे आणि टोप्या मातीतून काढून जपल्या. आपल्या माणसांची हाडं शोधायला जपानहून म्हातारी माणसं आली, तर त्यांना डोंगरातल्या जागा दाखवल्या. एवढं मोठं मन मी दुसऱ्या कुठल्या संग्रहालयात पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोकटाकची बोट रद्द करून आम्ही इंफाळच्या मिनुथोंग भागातल्या इंडियन आर्मी वॉर सेमेटरीत गेलो. तिथे आठशेहून अधिक शिपाई पुरलेले आहेत. नवव्या जाट रेजिमेंटचे जमादार अब्दुल हाफिज यांची कबर तिथे आहे; ६ एप्रिल १९४४ च्या चढाईत ते मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्यांचं दहन झालं त्या हिंदू आणि शीख शिपायांची नावं दहनस्मारकावर रेजिमेंटवार कोरली आहेत. आम्ही मराठा रेजिमेंटची यादी शोधून काढली. कर्नल एकेक नाव मोठ्यानं वाचत गेला, बाकीचे मागे उभे राहिलो. नावं रोमन लिपीत होती. पण वाचताना त्यानं ती आपल्या गावच्या उच्चारात वाचली. इंग्रजी स्पेलिंगमागचा गणपत, बाबू, धोंडी, सखाराम तोंडातून नीट बाहेर येत होता. बहुधा कित्येक वर्षांत ती नावं तिथे मराठीत कोणी उच्चारली नसतील. आमच्यातल्या ज्यानं आदल्या दिवशी ‘पगारी’ म्हटलं होतं, त्यानंच शेवटी यादी संपल्यावर फुलं ठेवली.

ही सहल झाली आणि पाच महिन्यांनी, ३ मे २०२३ ला, मणिपूर पेटलं. मैतेई आणि कुकी यांच्यातला हिंसाचार ज्या भागात सुरू झाला त्यांत टिड्डिम रस्त्यावरचं तोरबुंग होतं. मोइरांगच्या पुढे काही मैलांवरचं गाव. १९४४ च्या मे महिन्यात याच तोरबुंगजवळ ब्रिटिशांच्या हिंदी फौजेनं जपान्यांचा रस्ता अडवला होता. आता पुन्हा तिथे अडथळे उभे राहिले, या वेळी शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसाठी. २५० हून अधिक माणसं मेली, साठ हजारांच्या आसपास बेघर झाली. मी तामोला फोन केला. तो सुखरूप होता. त्यानं एवढंच सांगितलं, की मोइरांगच्या पुढे आता तो गाडी नेत नाही.

शांतीचं संग्रहालय असलेल्या खोऱ्यात हे घडलं, मग त्या संग्रहालयाचा उपयोग काय, असं मला एकानं विचारलं. मला वाटतं, प्रश्न उलटा विचारायला हवा. संग्रहालय शांती आणत नाही. ते काम माणसं करतात, सरकारं करतात, आणि ती चुकली तर कोणत्याही भिंतीवरची अक्षरं कामाला येत नाहीत. पण संग्रहालय एक काम नक्की करतं. युद्ध संपल्यावर घरांचं, तळ्यांचं, मुलांचं काय होतं याचा पुरावा ते जपून ठेवतं. परत कधी कोणी म्हणालं की थोडं रक्त सांडल्याशिवाय प्रश्न सुटत नाहीत, तर त्याला तो काजळी धरलेला डबा दाखवता येतो. आणि ज्या लोकांनी दुरून आलेल्या चार सैन्यांना आपल्या छपराखाली सारखी जागा दिली, ते एक दिवस शेजाऱ्यालाही देतील, असा माझा विश्वास आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना मात्र माझी एक विनंती आहे. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी हे गाव पुष्कळांना माहीत आहे, तिथे महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक आहे. पण कोकणातल्या, देशावरच्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर पहिल्या महायुद्धातला दगडी फलक आहे. गावातून किती माणसं गेली आणि किती कामी आली एवढा आकडा त्यावर असतो, नावं नसतात. दुसऱ्या महायुद्धाचा तर बहुतेक गावांत फलकही नाही. संगशाकला कोण होतं, कोहिमाला कोण, इटलीत कोण, सिंगापूरला पकडला जाऊन आझाद हिंदमध्ये गेला तो कोण, हे सांगू शकणारी शेवटची माणसं आता ऐंशी-नव्वदीची आहेत. ती त्या शिपायांची मुलं आहेत. त्यांच्या पेटीत पेन्शनचा कागद, एखादं पदक, मनीऑर्डरची पावती असते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी इंटरनेटवर खुल्या आहेत. नाव आणि रेजिमेंट टाकलं तर पुष्कळदा गावाचं नावही सापडतं. या दिवाळीत गावी जाल तेव्हा त्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा, नावं लिहून घ्या, आणि त्यात ब्रिटिशांच्या बाजूचा आणि नेताजींच्या बाजूचा असा भेद करू नका. ती सगळी एकाच वहीत लिहा.